विहीर आणि वही

घमापूर हा जबलपूरचा पूर्वेकडचा जुना भाग. जवळच 1904 साली सुरू झालेली गन कॅरेज फॅक्टरी, आसपास लालमाटी, काँचघर, सिद्धबाबाची टेकडी. इथल्या कित्येक घरांचा दिवस फॅक्टरीच्या भोंग्यावर सुरू व्हायचा आणि भोंग्यावरच संपायचा. नागपूरकर भोसल्यांचा अंमल जबलपुरावर 1817 पर्यंत होता. त्या काळापासूनची काही मराठी घरं शहरात आहेत. पुढे रेल्वे, कोर्टकचेरी आणि आयुध कारखान्यांमुळे आणखी घरं आली. ही मंडळी घरात मराठी बोलतात आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की सहज हिंदीत शिरतात.

अशाच एका गल्लीची ही गोष्ट. गल्लीत तीसेक घरं. वरच्या बाजूला पक्की, दुमजली. खालच्या टोकाला, नाल्याच्या कडेला, पत्र्याच्या दहा-बारा झोपड्या. दोन्हींच्या मध्ये एक दगडी बांधणीची विहीर. कुणी खोदली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नळ येण्याआधी सगळी गल्ली तिच्यावर जगली. नळ आल्यावर वरच्या घरांनी दोर-पोहरे माळ्यावर टाकले. खालच्या झोपड्यांना मात्र एकच सार्वजनिक नळ होता आणि तो जेमतेम अर्धा तास यायचा. त्यामुळे त्यांचे हंडे विहिरीवरच भरत राहिले.

गल्लीची एक समिती होती, अकरा जणांची. अध्यक्ष फॅक्टरीतून चार्जमन म्हणून निवृत्त झालेले. माणूस सचोटीचा आणि कामाचा. गल्लीतला काँक्रीटचा रस्ता, खांबांवरचे दिवे हे सगळं त्यांनी खेटे घालून आणलेलं. समितीत बाई एकच. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या त्या बाईंना मराठी घरं मावशी म्हणत आणि हिंदी घरं मौसीजी. सभेचं इतिवृत्त लिहायचं काम नानांकडे. नाना हायकोर्टात अभिलेख विभागात कारकून होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खटल्यांची बाडं बांधली, सोडली, पुन्हा बांधली. अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव असा, की बोललेलं सगळं कागदावर उतरल्याशिवाय सभा संपली असं ते मानायचेच नाहीत.

2014 च्या हिवाळ्यात अध्यक्षांनी ठराव मांडला. विहीर बुजवायची. त्या जागी फरसबंदी करून चबुतरा बांधायचा, वर पत्र्याची शेड. गणपती, दुर्गा, लग्नकार्य, सगळ्याची सोय होईल. कारणंही खोटी नव्हती. विहिरीत कचरा पडायचा, डास व्हायचे, कठडा एका बाजूनं ढासळला होता आणि मुलं तिथंच खेळायची. दहा हात वर गेले.

"मौसीजी, तुमचा हात?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझा नाही."

"ठीक आहे. पण वहीत एकमतानं ठरलं असं लिहू या. नगरसेवकांकडे कागद जाईल, तेव्हा बरं दिसेल."

मावशी म्हणाल्या, "दहा विरुद्ध एक, असंच लिहा. आणि माझी कारणंही लिहा."

"आता कारणं कशाला? तुम्हाला बोलायला मिळालं की."

"बोललेलं वाऱ्यावर जातं. नाना, लिहा. पहिलं कारण, खालच्या झोपड्या या पाण्यावर आहेत आणि त्यांच्यातलं एकही माणूस या सभेला बोलावलेलं नाही. दुसरं, नळाचं पाणी दुसऱ्याच्या हातात आहे, विहिरीचं आपल्या. तिसरं, एकदा राडारोडा टाकला की परत फिरायची वाट उरत नाही. ठरवायचंच असेल तर ठरवा, पण वाट बुजवू नका."

एक-दोघं हसले. अध्यक्षांच्या कपाळाला आठी पडली. "नाना, एवढं लांबण लावायची गरज आहे का?"

नानांनी पेनाचं टोपण काढलं, पण लिहायला सुरुवात केली नाही. म्हणाले, "अध्यक्षजी, लिहिण्याआधी एक गोष्ट सांगतो. आपल्याच गावाच्या नावाचा खटला आहे. मी तेव्हा नोकरीला नवा होतो."

मग नानांनी सांगितलं ते असं.

25 जून 1975 च्या रात्री देशात आणीबाणी आली. दोन दिवसांनी राष्ट्रपतींचा आदेश निघाला. जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्कासाठी कोर्टाचं दार ठोठावण्याची मुभाच त्यानं स्थगित केली. मिसा या अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याखाली देशभर माणसं तुरुंगात टाकली गेली. त्यांतल्या एकाचं नाव शिवकांत शुक्ला. आम्हाला कोणत्या कायद्यानं डांबलं ते तरी तपासा, एवढंच अशा बंद्यांचं मागणं होतं. जबलपूरच्या हायकोर्टानं सांगितलं, हो, ते आम्ही तपासू शकतो. देशातल्या नऊ हायकोर्टांनी कमी-अधिक हेच म्हटलं. सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. अपील सरकारी अधिकाऱ्याच्या नावानं, म्हणून खटल्याचं नाव पडलं, 'अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला'. भारतात कायदा शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला तेव्हापासून जबलपूर हे नाव पाठ आहे.

"पाच न्यायमूर्ती बसले," नाना म्हणाले. "सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी सरकारी वकिलांना विचारलं, एखाद्या पोलिसानं वैरापोटी माणसाचा जीव घेतला, तरीही कोर्टात दाद नाही का? वकील म्हणाले, आणीबाणी आहे तोवर नाही. 28 एप्रिल 1976 ला निकाल लागला. चार विरुद्ध एक. बंद्यांना कोर्टात येता येणार नाही. त्या चौघांत आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते. विरोधात एकटे खन्ना. आपला विरोध त्यांनी पानंच्या पानं लिहून, सकारण नोंदवला."

"आणि मग?" कुणीतरी विचारलं.

"मग जानेवारी 1977 मध्ये सरन्यायाधीश होण्याची पाळी त्यांची होती. त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तींना ते पद दिलं. खन्नांनी राजीनामा दिला."

"म्हणजे हरलेच की ते!" अध्यक्ष म्हणाले.

"त्या दिवशी हरले. पण वर्षभरात आणीबाणी उठली, सरकार बदललं आणि 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं ठरलं, की यापुढे आणीबाणी आली तरी जगण्याच्या हक्कासाठी कोर्टात जायची वाट बंद करता येणार नाही. एकट्या माणसाचं म्हणणं संसदेनं घटनेत घातलं. चौघांचा निकाल मात्र दप्तरात अजून तसाच आहे, कोर्टानं तो अजून खोडलेला नाही. पण त्या निकालाच्या कागदातच त्याला खोडायची कारणंही पडून आहेत. ज्या कोर्टानं खन्नांचं ऐकलं नाही, त्याच कोर्टानं त्यांचं म्हणणं जपून ठेवलंय. अध्यक्षजी, मी जन्मभर कागद सांभाळले. मला यातली एवढीच गोष्ट मोठी वाटते. संस्था चुकते. पण विरोध लिहून ठेवणारी संस्था दुरुस्त होऊ शकते. विरोध खोडणारी होऊ शकत नाही."

अध्यक्ष थोडा वेळ पेनाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लिहा. पण ठराव मंजूर आहे."

"तोही लिहितो," नाना म्हणाले.

इतिवृत्तावर अध्यक्षांना सही करायची होती. वही ते घरी घेऊन गेले. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी पान वाचलं. ठराव वाचला, मावशींची कारणं वाचली आणि खाली आपल्या सहीसाठी सोडलेली मोकळी जागा पाहिली. पहिली दोन कारणं त्यांना पटली नाहीत. तिसऱ्यापाशी ते थबकले. जन्मभर कारखान्यात काढलेला माणूस. ज्या यंत्राला उलटं फिरवायची सोय नाही, ते चालवण्यापूर्वी दहादा बघावं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. सकाळी ठेकेदार राडारोड्याचा ट्रक घेऊन आला, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "भराव नको. वर लोखंडी सळ्या घालून स्लॅब टाक. खर्चही कमी होईल." ठेकेदाराला काय, त्यानं स्लॅब टाकली. वर चबुतरा झाला, शेड झाली आणि पुढच्या दसऱ्याला तिथं देवी बसली. मावशींनी आरतीला जाऊन मनापासून हात जोडले. विरोध ठरावाला होता, गल्लीशी त्यांचं काही वैर नव्हतं.

झोपड्यांतल्या बायका मात्र पाण्यासाठी आता दोन गल्ल्या पलीकडे जाऊ लागल्या. कुणी तक्रार केली नाही. करायची कुणाकडे, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

2015 चा पावसाळा देशभरच कोरडा गेला. 2016 चा उन्हाळा आला तसे वरच्या घरांतले बोअर एकामागून एक गुरगुरून गप्प झाले. नळ दिवसाआड येऊ लागला, मग तीन दिवसांआड. टँकर आला की गल्लीभर पळापळ व्हायची. पहिल्या रांगेत वरची घरं, कारण टँकर तिथंच थांबायचा. खालच्या झोपड्यांपर्यंत पाइप पोचेपर्यंत टाकीचा तळ दिसायचा.

मे महिन्यातल्या एका दुपारी झोपडीतल्या पोरानं आपला डबा पुढे सरकवला. अध्यक्षांच्या पुतण्यानं तो लाथेनं उडवला. डबा उलटा फिरून पोराच्या कपाळाला लागला. टाके घालावे लागले. पोलिसांची गाडी येऊन गेली. संध्याकाळपर्यंत शेजाऱ्यांचे दोन पक्ष झाले होते. आणि रात्री दहाच्या सुमाराला झोपड्यांतले वीस-पंचवीस तरुण पहारी आणि घण घेऊन चबुतऱ्यावर चढले. "खाली पाणी आहे. आमचं पाणी आहे. आज फोडणार." वरच्या बाजूनं पोरं काठ्या घेऊन धावली. देवी बसते त्या जागेवर घण पडणार, ही बातमी शेजारच्या गल्ल्यांतही पोचली होती. जबलपूरनं 1961 मध्ये दंगल पाहिलेली आहे. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, की एका दगडानं सुरू झालेलं कुठवर जातं आणि ते निस्तरताना किती पिढ्या खर्ची पडतात.

मावशी घरच्या पातळातच धावत आल्या. मागून कंदिलासारखा मोबाइलचा उजेड धरून नाना. मावशी सरळ चबुतऱ्यावर चढून दोन्ही जमावांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"एक रात्र द्या," त्या म्हणाल्या. "उद्या सभा घेऊ."

झोपड्यांतली एक बाई पुढे झाली. चार घरची धुणीभांडी करणारी, ज्या पोराला टाके पडले त्याची आई. ती म्हणाली, "मौसीजी, तुमच्यावर विश्वास आहे. पण 'उद्या' आम्ही फार वेळा ऐकलाय. मला पावती द्या."

"कसली पावती?"

"लोकसेवा केंद्रात देतात तशी. मुलाचा जातीचा दाखला काढला तेव्हा मला मिळाली होती. वर तारीख होती. त्या तारखेपर्यंत काम झालं नाही तर साहेबाला दंड, असं त्या बाबूनंच सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला कुणापुढे हात जोडावे लागले नाहीत. तशी पावती द्या."

ती म्हणत होती ते खरं होतं. मध्य प्रदेशानं 2010 मध्ये लोकसेवा हमी कायदा केला, देशातला असा पहिला. ठरलेल्या मुदतीत दाखला किंवा सेवा दिली नाही तर दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशातून दंड वसूल होतो. त्या कायद्याचं कलम त्या बाईला वाचता येत नव्हतं, पण तारखेचा कागद हातात असला की माणसाची मान ताठ होते, हे तिला कळलं होतं.

नानांनी तिथंच, चबुतऱ्याच्या पायरीवर बसून कागद लिहिला. उद्या सकाळी सात वाजता, याच जागी, गल्लीची सभा. खालच्या वस्तीतली पाच माणसं मतासह हजर राहतील. विषय एकच, विहीर. मग त्यांनी वर पाहिलं. सही कुणाची?

अध्यक्ष गर्दीच्या मागे उभे होते. त्यांच्या पुतण्याच्या हातात काठी होती. अध्यक्षांनी ती काढून घेतली, पुढे आले आणि सही केली. बाईनं कागद दोनदा घडी घालून पदरात बांधला आणि पोरांना म्हणाली, "चला घरी." पोरं गेली. त्या रात्री घमापुरात दंगल झाली नाही, ती एका सहीमुळे.

सकाळी सभेला सगळी गल्ली होती. नानांनी 2014 ची वही उघडली आणि जे लिहिलं होतं ते कमी-जास्त न करता वाचलं. दहा विरुद्ध एक. कारण पहिलं. कारण दुसरं. कारण तिसरं. वाचून झाल्यावर मावशींना बोलायला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मला वेगळं काही सांगायचं नाही."

अध्यक्ष उभे राहिले. "ठराव मी मांडला होता. तो मागे घ्यायचा ठरावही मीच मांडतो. मौसीजींचं तिसरं कारण ऐकलं म्हणून खाली भराव नाही, पाणी आहे. पहिलं कारण तेव्हाच ऐकलं असतं तर कालचं रक्त सांडलं नसतं."

हात वर होऊ लागले. तेवढ्यात एक दुकानदार उठले. चबुतऱ्याला सर्वांत मोठी देणगी त्यांची होती. ते म्हणाले, "माझा विरोध आहे. माझे पैसे गेले त्याचं काय? आणि विहीर उघडल्यावर एखादं लेकरू आत पडलं तर कोण जबाबदार?" सगळे त्यांच्यावर ओरडू लागले. मावशींनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "नाना, त्यांचंही लिहा. दोन्ही कारणं. त्या वेळी मी एकटी होते, आज ते एकटे आहेत. नियम तोच."

नानांनी लिहिलं. आणि त्या एकट्या माणसाच्या विरोधाचाही उपयोग झाला. विहीर उघडायची, पण वर जाड लोखंडी जाळी बसवायची आणि कठडा छातीएवढा उंच करायचा, हे त्याच सभेत ठरलं. शेड पाडायची नाही, चार हात बाजूला सरकवायची, म्हणजे देणगीही वाया जाणार नाही आणि देवीची जागाही राहील. दुकानदार म्हणाले, "विरोध कायम आहे, पण जाळी चांगल्या प्रतीची घ्या, ओळखीचा माणूस आहे माझा." आणि जाळी त्यांनीच आणली.

स्लॅब कापली गेली. खाली अंधारात पाणी चमकलं तेव्हा बायकांनी ओंजळी जोडल्या. बेलदार उतरले, गाळ उपसला. पहिले काही दिवस गढूळ पाणी आलं, मग निवळलं. नाना आणि अध्यक्षांच्या पुतण्यानं मिळून पाण्याच्या पाळ्यांचा तक्ता केला. वरची घरं, खालची घरं, चिठ्ठ्या टाकून. ज्या पोराच्या कपाळाला टाके पडले होते, त्याची पाळी पुतण्याच्या शेजारची निघाली. दोघं पहिले दोन दिवस एकमेकांकडे न बघता पोहरा ओढत होते. तिसऱ्या दिवशी दोर कप्पीतून निसटला, तो बसवायला दोघांचे चारही हात लागले. पावसाळ्यापूर्वी चार घरांच्या गच्चीवरचं पाणी नळीनं खाली आणून, वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून विहिरीत सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात पाणी आधीपेक्षा हातभर वर होतं.

24 ऑगस्ट 2017. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. त्याच निकालात 1976 चा जबलपूरचा निकाल चूक होता, असं सांगून तो रद्द ठरवला गेला. ते शब्द लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, यशवंतराव चंद्रचूडांचे चिरंजीव. वडिलांनी सही केलेला निकाल मुलानं, त्याच कोर्टात, कारणं देऊन रद्द केला. खन्ना 2008 मध्ये वारले होते. पण 1976 मध्ये लिहिलेला त्यांचा विरोध आता देशाचा कायदा झाला होता.

पुढच्या सभेत नानांनी ही बातमी वाचून दाखवली. म्हणाले, "विहिरीच्या पहिल्या सभेत मी म्हटलं होतं, तो निकाल कोर्टानं अजून खोडलेला नाही. आता खोडला." वाचताना त्यांचा आवाज जड झाला होता.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खालच्या वस्तीतली ती बाई आता समितीवर होती. तिनं टाळी वाजवली नाही. म्हणाली, "नानाजी, किती वर्षं लागली?"

"एकेचाळीस."

"आणि जी माणसं तुरुंगात होती, त्यांचे दिवस कुणी परत दिले?"

नाना म्हणाले, "नाही. ते कुणालाच देता येत नाहीत."

"मग नुसतं लिहून ठेवणं पुरेसं नाही. मौसीजींनी लिहून ठेवलं म्हणून विहीर वाचली, मान्य. पण दोन उन्हाळे आम्ही दोन गल्ल्या पलीकडून पाणी आणलं आणि माझ्या पोराचं कपाळ फुटलं. एकेचाळीस वर्षं मोठ्या कोर्टाला परवडत असतील. आम्हाला दोनही परवडली नाहीत."

नानांनी वहीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना न सुचलेली गोष्ट या बाईनं सांगितली होती. त्यांनी तिलाच ठराव मांडायला सांगितला आणि तिनं मांडला. यापुढे ज्या ठरावाला कुणाचाही लेखी विरोध असेल, तो ठराव सहा महिन्यांनी आपोआप पुन्हा सभेपुढे येईल. ज्यांच्या पाण्याला, जागेला किंवा रोजीला धक्का लागणार, त्यांना बोलावल्याशिवाय सभा भरणार नाही. जमाखर्च दर महिन्याला चबुतऱ्यावर मोठ्यानं वाचला जाईल. ठराव मंजूर झाला. एकमतानं. आणि या वेळी ते एकमत खरं होतं.

गोष्ट इथं संपते. तिचा बोध मात्र घमापुरापुरता नाही.

2015 च्या सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टं मान्य केली. त्यांतलं सहावं पाण्याचं आणि सोळावं शांतता, न्याय आणि सक्षम संस्थांचं. अनेकांना वाटतं, आधी रस्ते, पाणी, वीज, मग जमलं तर न्याय. ही गोष्ट सांगते, की क्रम असा लावता येत नाही. चबुतरा हा विकासच होता. तो पडण्याच्या बेतात आला, कारण ज्यांचं पाणी त्याच्याखाली गेलं त्यांना विचारलं नव्हतं. विहीर टिकली, कारण एका वहीत एका बाईचं म्हणणं खोडलेलं नव्हतं. विकासाला न्यायाचं बूड नसेल तर तो पुढच्या टंचाईत कोसळतो, आणि कोसळताना शेजाऱ्याला शेजाऱ्यावर घालतो.

खुद्द जबलपूरला हे पाण्यानं शिकवलं आहे. गढ्याच्या गोंड राजवटीत या भागात तलावांची माळ होती. लोक बावन्न ताल-तलैयांची आठवण सांगतात. राणी दुर्गावतीच्या नावचा रानीताल, तिच्या मंत्र्याच्या नावचा अधारताल आणि तिच्या दासीच्या नावचा चेरीताल. दासीच्या नावानं तलाव ज्या राज्यात होऊ शकतो, तिथं पाण्यावर कुणाकुणाचा हक्क धरला जात असेल याची कल्पना येते. राणी 1564 मध्ये लढता लढता पडली. तलाव तिच्यामागे शतकानुशतकं टिकले, आणि मग आपल्या काळात त्यांतले कित्येक बुजून फक्त वस्त्यांच्या नावांत उरले. पाणी आटण्याआधी ते सांभाळणारी व्यवस्था आटली होती.

उलटं उदाहरणही आपल्याकडे आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं ठरवलं, की गावाचा निर्णय सर्वसहमतीनं होईल आणि एखाद्याला पटलं नाही तर पटेपर्यंत चर्चा चालेल. वेळ लागतो म्हणून बाहेरच्यांनी नावं ठेवली. पण त्याच गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला, आणि ते जंगल गाव आज सांभाळतं. सहमतीला दिलेला वेळ वाया गेला नाही. तो जंगलात उभा आहे.

सक्षम संस्था म्हणजे मोठी इमारत, मोठा अधिकार किंवा कधीच न चुकणारी माणसं नव्हेत. देशाचं सर्वोच्च न्यायालय चुकलं, गल्लीची समितीही चुकली. संस्थेची ताकद तीन गोष्टींनी मोजावी. ज्याला झळ लागणार तो माणूस सभेत होता का? हरलेल्याचं म्हणणं जसंच्या तसं लिहून ठेवलं का? आणि ते पुन्हा वाचण्याची तारीख ठरली होती का? या तिन्हींना हो म्हणता आलं, तर तिथली शांतता खरी आहे आणि तिथला विकास नातवंडांपर्यंत पोचेल. यांतलं एक जरी नाही असेल, तर वर कितीही चांगली फरसबंदी करा, खाली कुणाची तरी विहीर बंद पडलेली असणार.

म्हणून आपल्या गृहनिर्माण संस्थेत, ग्रामसभेत, शाळेच्या पालकसभेत पुढच्या वेळी 'एकमतानं मंजूर' लिहिण्याची घाई झाली, तर थांबा. कोपऱ्यात न उचललेला हात कुणाचा आहे ते पाहा. त्या माणसाला कारण विचारा, ते लिहा आणि त्याखाली तारीख टाका.

बोध: निर्णय बहुमतानं होतो, तो टिकतो मात्र हरलेल्याला मिळालेल्या न्यायानं.